आईच्या कानाशी

३ जून

प्रिय वहिनी,

काल बसमधून उतरले ती घरी न जाता थेट छापखान्यात गेले. शब्दकोशाच्या प्रुफांचा ढीग टेबलावर माझी वाट बघत होता. मालकांनी विचारलं, "आई कशी आहे?" आणि मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे म्हणाले, "या महिन्यात 'म' संपवायचाय." तेव्हा मी इथे 'म' तपासत बसले आहे आणि माझं सगळं लक्ष तुमच्या आतल्या खोलीतल्या पलंगाकडे आहे.

फोन न करता पत्र का, असं दादा विचारेल. त्याला सांग, घर दोन खोल्यांचं आहे. आईची वाचा गेली, कान नाही गेले. मी फोन केला की तू तिच्यासमोर "हो", "नाही", "बरं" एवढंच बोलतेस आणि ती छताकडे बघत सगळं ऐकते. ते मला सोसत नाही. पत्रात मोकळं लिहिता येईल, तुलाही.

आता एक काम सांगते. रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावलास की आईच्या कानाशी तिचं स्तोत्र म्हण. पन्नास वर्षं तिने ते एक दिवस चुकवलेलं नाही. झटका आला त्या संध्याकाळीच काय ते राहिलं. दवाखान्यात मी म्हणत होते तेव्हा तिचा श्वास संथ व्हायचा, नर्ससुद्धा म्हणाली. आता मी नाही, तर तुलाच म्हणावं लागेल.

फक्त नीट म्हण. हातपाय धुऊन, पाठ ताठ ठेवून बस. मध्येच उठायचं नाही, गॅसवर काही ठेवायचं नाही, शिवणाला हात लावायचा नाही. अर्थावर मन ठेवायचं. आई आम्हाला सांगायची, शब्द मोडला की देवाची मूर्ती मोडल्यासारखं असतं. तुझे उच्चार मला माहीत आहेत, रागावू नकोस, पण घरात दुसरं आहे कोण? दादाला तर दोन ओळी येत नाहीत.

पुस्तक देवाच्या फळीवर डावीकडे आहे. बघून म्हण.

तुझी,
वन्सं


१९ जून

प्रिय वन्सं,

आई बोलल्या!

घाईघाईने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ करा. तुमच्या दादांनी तुम्हाला फोन केला असेलच, पण त्यांना दोन वाक्यांपुढे सांगता येत नाही आणि तिसऱ्याला ते रडतात. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळपासून मी रोज म्हणते. खरं सांगू? तुम्ही सांगितलं तसं ताठ बसून दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी आईंच्या पायात गोळा आला, त्या विव्हळायला लागल्या, मग पाय चेपता चेपताच म्हटलं. तेव्हापासून तसंच चाललंय. पुस्तक उशीला टेकवून ठेवते, हात त्यांच्या पोटरीवर. मला ते लांबलचक शब्द एका दमात येत नाहीत. मी आपली मालगाडीसारखी, डबा डबा जोडत जाते.

परवा शेवटाकडे आले, 'दिनवत्सले' म्हटलं आणि पुढे जाणार एवढ्यात उशीवरून आवाज आला, "दी."

वाटलं, उचकी असेल. पुन्हा म्हटलं, 'दिनवत्सले'. आईंनी भुवया आवळल्या आणि ओठ ताणून म्हणाल्या, "दीऽन!" अगदी स्पष्ट. काल आणखी तीन ठिकाणी शब्द आला. आज तर शेवटचे दोन श्लोक माझ्याबरोबर म्हटले त्यांनी. तोंड वाकडं आहे, लाळ गळते, पण शब्द बाहेर येतात. वन्सं, त्या माझ्याबरोबर म्हणतात!

आठवड्यातून एकदा वाचेच्या बाई येतात ना, चित्रांचे पत्ते घेऊन, त्यांनी पत्त्यावरचा कप दाखवला की आई मान फिरवतात. आज त्यांनाच मी संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. ऐकून म्हणाल्या, पाठ केलेलं असतं ते मेंदूत वेगळ्या जागी राहतं, बोलणं गेलं तरी ते जात नाही, आता सोडू नका. शेजारच्या मावशी आल्या, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या. सगळ्यांना आईंचा आवाज ऐकायचा होता.

तुम्ही सांगितलं म्हणून हे झालं. तुमच्या तोंडात साखर पडो.

तुमची,
वहिनी


२६ जून

प्रिय वहिनी,

पत्र वाचून किती आनंद झाला ते काय सांगू. छापखान्यात सगळ्यांना पेढे दिले.

एक मात्र वाटलं, ते लिहिते. आईची वाचा परत येते आहे, म्हणजे ती आत्ता लहान मुलासारखी आहे. कानावर जे पडेल ते बसेल. अशा वेळी चुकीचं पडलं तर? तू 'दिनवत्सले' म्हणतेस. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे गरीब, दुबळा. आपली देवी दुबळ्यांवर माया करणारी आहे, दिवसावर नाही. तू एवढी वर्षं या घरात आहेस, हे कसं कानावरून गेलं? शिवाय तू 'श' आणि 'ष' एकच म्हणतेस, विसर्ग खातेस आणि जोडाक्षर आलं की मध्ये श्वास घेतेस. मालगाडी म्हणून तूच लिहिलंस.

आणि पाय चेपत म्हणायचं हे मला पटलं नाही. देवाचं म्हणताना देवाचंच करावं.

मी माझ्या आवाजात संपूर्ण स्तोत्र फोनवर ध्वनिमुद्रित करून दादाकडे पाठवलं आहे. संध्याकाळी तेच लाव. आईने मला मांडीवर बसवून शिकवलेलं आहे ते, तिच्याच चालीत, तिच्याच थांब्यांवर. ती ते लगेच ओळखेल. तुझं शिवणाचं कामही खोळंबणार नाही.

शेजारी-पाजाऱ्यांना गोळा करू नकोस. ते काय तमाशा आहे?

लावल्यावर आई काय म्हणाली ते सविस्तर कळव.

तुझी,
वन्सं


५ जुलै

प्रिय वन्सं,

तुमचं मुद्रण मिळालं. आईंना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

तुमच्या चुका वाचल्या, म्हणजे माझ्या. सगळ्या बरोबर आहेत. "एवढी वर्षं कसं कानावरून गेलं" असं विचारलंत, त्याचं उत्तर देते. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात संध्याकाळी तुमच्या शेजारी बसून म्हणायला लागले होते. तुम्ही तेव्हा नववीत होतात, दोन वेण्या घालायचात. माझ्या तोंडून दुसरा श्लोक निघाला आणि तुम्ही फिस्सकन हसलात. आई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सूनबाई, तू मनातल्या मनात म्हण." त्या दिवसापासून मी मनातल्या मनात म्हणते. मनात कोण दुरुस्त करणार, वन्सं? दिनाचं दिनच राहिलं.

हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

गणवेश शिवायचं काम अर्ध्यावर आणलंय. आईंजवळ बसायला वेळ असतो मला, खोळंबा होत नाही. शेजारच्या मावशींना मी बोलावत नाही, त्या आपणहून येतात. दाराला कडी लावू का?

आईंची आता दहा-बारा श्लोकांची साथ असते. मधला एक लांबलचक शब्द माझ्या जिभेवर बसत नाही, तिथे तर त्या माझ्या आधीच म्हणतात आणि माझ्याकडे अशा बघतात की मला हसू फुटतं. मग त्याही हसतात, अर्ध्या तोंडाने.

तुमची,
वहिनी


१४ जुलै

प्रिय वहिनी,

हसल्याचं मला आठवत नाही. नववीतल्या मुली कशालाही हसतात.

"शांतपणे ऐकलं" एवढंच? तू पाय चेपल्याचं पानभर लिहितेस आणि माझ्या स्तोत्राला दोन शब्द. दादाला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "मी पाळीवर होतो, हिला विचार."

तुला वाईट वाटेल, पण स्पष्ट लिहिते. आई ज्या बाईबरोबर स्तोत्र म्हणते तिला ते नीट आलं पाहिजे. तो आईचा मान आहे. तिने आयुष्यभर एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही आणि आता शेजारणी जमवून तिच्यासमोर कसंही म्हणायचं? लोक म्हणत असतील, वाचा आली ती सुनेमुळे. म्हणू देत. पण ती आली स्तोत्रामुळे, ते मला माहीत आहे.

मी पुन्हा मुद्रण पाठवलं आहे, यावेळी तुझ्यासाठी. एकेक शब्द तोडून, तीन-तीनदा म्हटला आहे. सकाळी भाज्या चिरताना ऐक, मागून म्हण. महिनाभरात चुका गेल्या पाहिजेत. तूच एकदा म्हणाली होतीस ना, मला कुणी शिकवलं नाही? घे, आता शिकवते आहे.

इथे 'म' संपून 'य' सुरू झाला. सुट्टीचं नाव काढलं की मालक बहिरे होतात.

तुझी,
वन्सं


१८ ऑगस्ट

वन्सं,

महिन्याभराने लिहिते आहे. तुमचा निरोप दादांनी दोनदा सांगितला, "पत्र का नाही?" लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून नाही. आहे ते लिहायला धीर होत नव्हता म्हणून.

मी तुमचं ऐकलं. सकाळी भाज्या चिरताना, दुपारी मशीन चालवताना कानात तुमचाच आवाज. 'दी' दीर्घ झाला. विसर्ग आले. 'ष' म्हणताना जीभ कुठे लावायची ते आरशात बघून शिकले. महिन्यात सगळं स्तोत्र शुद्ध झालं. पुस्तक बंद करून, पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन म्हणते. तुम्ही ऐकलंत तर एक खूण करायला जागा मिळणार नाही.

आणि आई गप्प झाल्या आहेत.

आधी दहा-बारा श्लोक होते ते पाचावर आले, मग दोनावर, मग एक-दोन शब्द. आता काहीच नाही. मी म्हणते, त्या छताकडे बघतात. मला वाटलं, दुसरा झटका येऊन गेला. डॉक्टर तपासून म्हणाले, तसं काही नाही. मग वाचेच्या बाई येऊन बसल्या. मी म्हटलं ते त्यांनी ऐकलं आणि मला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "तुम्ही पूर्वी असंच म्हणत होता?" मी अभिमानाने सांगितलं, "नाही, पूर्वी खूप चुकायचे. आता सुधारले." त्या बिचाऱ्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अहो, त्या तुमच्याबरोबर म्हणत नव्हत्या. तुमची चूक दुरुस्त करत होत्या. आता त्यांना बोलायला कारणच उरलं नाही."

वन्सं, मला काय वाटत होतं? की आईंना माझं म्हणणं आवडलं. एवढ्या वर्षांनी मला मोठ्याने म्हणायची मुभा मिळाली. आणि त्या तर वर्ग घेत होत्या!

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम 'दिनवत्सले' म्हटलं. आईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांना कळलं. खोटी चूक त्यांच्यापुढे चालत नाही.

तुमचा राग राग केला मी. आईंच्या तोंडातला घास तुम्ही काढलात असं वाटलं. शुद्ध, शुद्ध करून त्यांना मुकं केलंत. तुम्हाला शुद्ध हवं होतं की मी बाजूला व्हायला हवी होते, हे तुमचं तुम्हाला माहीत.

पण मीही साधी नाही, तेही लिहून टाकते. तुमचं पहिलं मुद्रण मी लावलं तेव्हा आईंनी "शांतपणे ऐकलं" असं लिहिलं होतं. ते खोटं. तुमचा आवाज ऐकल्याबरोबर त्यांनी चांगला हात पुढे केला, फोन माझ्याकडून घेतला आणि गालाशी धरला. शेवटपर्यंत धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा दिसत होता, जो माझ्यासाठी मी कधी पाहिला नाही. बोलल्या मात्र नाहीत. मी फोन काढून घेतला आणि पुन्हा कधी लावला नाही. मनात म्हटलं, अंग पुसायला मी, कूस बदलायला मी आणि असा चेहरा तिच्यासाठी? देवासमोर दिवा होता आणि माझ्या मनात हे होतं. आणि आई पहिल्यांदा बोलल्या तेव्हा देवीचं नाव नाही आलं माझ्या मनात. आलं ते एवढंच, की आता वन्संना कळवते.

माझ्या आईचं माकडहाड मोडलंय, घसरून पडली. भाऊ एकटा आहे. मला माहेरी जायला हवं, तीन-चार आठवडे तरी. तुम्ही या. सुट्टी मिळत नसेल तर भांडून घ्या. दादांच्या पाळ्या असतात, त्यांच्या एकट्याने होणार नाही.

वहिनी


२३ ऑगस्ट

वहिनी,

शनिवारी पोहोचते. मालकांना सांगितलं, 'य' थांबू शकतो.

बाकी काही लिहीत नाही. लिहिलेलं दोनदा फाडलं.

वन्सं


२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझ्या आईला आता कसं आहे? उठवून बसवतात का?

मी आले त्या दिवसापासून तुझ्या घरात आंधळी कोशिंबीर खेळते आहे. कापूस कुठे, मलम कुठे, रबरी चादर कुठे वाळत घालायची, काही ठाऊक नाही. दादाला विचारावं तर तो म्हणतो, "ती कुठूनतरी काढते." आईला कुशीवर वळवायला गेले तर ती सरकून पलंगाच्या कडेला आली. पातळ भात भरवला तो अर्धा गळ्यावर सांडला. ती काही बोलत नाही, नुसती माझ्या हातांकडे बघते. तू तिच्या पाठीला एकही फोड येऊ दिलेला नाहीस. डॉक्टरांनी ते मला दाखवून सांगितलं, जणू मी परकी कुणी.

पहिल्या संध्याकाळी मी स्तोत्र म्हटलं. तुझ्याशी काय लपवायचं, मी वाटेतच ठरवलं होतं की ती माझ्याबरोबर बोलेल. तुझ्या चुका लागल्या असतील तिला बोलतं व्हायला, पण मी तिची मुलगी आहे. मी म्हटलं. तिने माझा हात धरून ठेवला, डोळे भरून आले. शब्द नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी मी अर्ध्यावर थांबले आणि म्हटलं, "आई, म्हण ना. वहिनीबरोबर म्हणत होतीस, मग माझ्याबरोबर का नाही?" आवाज चढला होता माझा. तिने हात सोडवून घेतला.

त्याच वेळी शेजारच्या मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय आवाज आहे हो! ऐकत राहावंसं वाटतं." वहिनी, आई तिथे तोंड फिरवून पडलेली आणि मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्या आवाजाचं कौतुक केलं म्हणून बरं वाटलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ पातेलं घासत बसले.

लहानपणापासून स्तोत्र म्हणताना मी कुणाकडे बघत आले? देवीकडे नाही. आईच्या चेहऱ्याकडे. तिची मान हलली की माझं स्तोत्र पोहोचलं. आईपासून लांब गेल्यावर मी माझाच आवाज ऐकत म्हणायला लागले, तिच्या कानांनी. प्रुफं तपासावीत तशी. अर्थावर मन ठेव म्हणून तुला लिहिलं मी! माझं मन अर्थावर कधी होतं ते आठवून बघते आणि आठवत नाही.

तुझा राग खरा आहे. मला शुद्ध हवं होतं, आणि तू बाजूला व्हायला हवी होतीस. दोन्ही हवं होतं.

तुझी,
वन्सं


७ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

माझी आई उठून बसते, भावाला शिव्या देते, म्हणजे बरी आहे.

मलम कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं. रबरी चादर मागच्या दाराच्या दोरीवर, ऊन आलं की उलटी करायची. आईंना वळवताना आधी गुडघा मोडायचा, मग खांदा, आणि त्या आपण होऊन अंग टाकतात तेवढं थांबायचं. ओढायचं नाही. भात भरवताना त्यांच्या चांगल्या बाजूने चमचा न्या.

आई बोलल्या का?

तुम्ही लिहिलंत ते वाचून मला आधी समाधान वाटलं, की बोलल्या नाहीत. नंतर मी इथल्या अंगणात जाऊन स्वतःला चार गोष्टी सुनावल्या. तरी सकाळी जाग येते ती याच विचाराने, आज बोलल्या असतील, आणि मी तिथे नव्हते. माझ्याच आईचं माकडहाड मोडलंय, तिचं करते आणि जीव तिकडे लागलेला. देवाचं नाव घ्यायला बसले की डोळ्यांपुढे तुम्ही, त्यांच्या उशाशी. असलं नाव देवाला कसं पोचत असेल?

बोलल्या असतील तर खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून लपवू नका. आणि बोलल्या नसतील तरी सांगा.

तुमची,
वहिनी


१५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

आई बोलली.

परवा दुपारपासून ही गोष्ट मनात दाबून ठेवली आहे. दादालाही सांगितलं नव्हतं, आज सकाळी सांगितलं. का, ते पुढे कळेल.

परवा दिवस वाईट होता. सकाळपासून तीनदा चादर बदलावी लागली. तिसऱ्या वेळी मी तिच्यावर खेकसले, मग तिचं अंग पुसताना मलाच रडू आलं. गुडघा मोडला, खांद्याला हात लावला आणि थांबले, तू सांगितलंस तशी. तिने अंग टाकलं. पहिल्यांदाच ती मला जड लागली नाही. मग तिला टेकवून बसवलं, खिडकी उघडली आणि मी नुसती जमिनीवर बसून राहिले. काही म्हणायचं, काही बोलायचं त्राण नव्हतं. तिला बोलतं करायचं आहे हेही त्या वेळी डोक्यात नव्हतं.

आई दाराकडे बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "ती कधी येणार?"

स्तोत्रातलं नाही, वहिनी. पाठ केलेलं नाही. तिचं स्वतःचं वाक्य, सबंध. झटका आल्यापासूनचं पहिलं.

मी विचारलं, "कोण?"

मला माहीत होतं कोण. तरी विचारलं. वाटलं, कुणी दुसरं नाव घेईल. तिने माझ्याकडे पाहिलं, लहानपणी उत्तर येत असून न दिलं की पाहायची तसं, आणि पुन्हा म्हणाली, "ती. घरची."

 मी तिची पोटची. मी पलंगाशी बसले होते, माझे हात तिच्या घाणीत होते आणि तिचं पहिलं वाक्य तुझ्यासाठी. मी "येईल" म्हटलं आणि उठून आत गेले. तुला हे कळवायचं नाही असं ठरवलं. इथे दुसरं कुणी नव्हतं. मी लिहिलं नसतं तर तुला कधीच कळलं नसतं. आई विसरली असती, किंवा पुन्हा बोलली असती आणि मी सांगितलं असतं, आई बोलायला लागली. कोणाविषयी, ते कोण विचारणार?

दोन दिवस ते वाक्य मी गिळून बसले. जेवण गेलं नाही. तुझं पत्र ओट्यावर होतं, "खरं सांगा" म्हणणारं. तू तुझं खोटं स्वतःच उघड केलं होतंस, गालाशी धरलेल्या फोनचं. तेव्हा मी ते वाचून किती हरखले होते, आणि तुला एका शब्दाने कळवलं नव्हतं. आता तुझं तुला देते. हेवा गेलेला नाही. लिहिताना बोटांत आहे. तरी देते.

काल संध्याकाळी दिवा लावला. आईच्या कानाशी नाही बसले. पायाशी बसले, तिची पोटरी ताठली होती, ती हातात घेतली आणि स्तोत्र सुरू केलं, कारण वेळ झाली होती, एवढंच. 'दीनवत्सले' आलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं. मी किती वर्षं तो 'दी' लांबवत आले आणि दीन कोण असेल असा विचार कधी केला नव्हता. पलंगावरची, तिच्या पायाशी बसलेली, आणि तिकडे दुसऱ्या आईची कूस बदलणारी. आवाज लागला नाही. मध्ये कुठे चुकले का, आठवत नाही. दादा नंतर म्हणाला, "आईचे ओठ हलत होते का गं?" मी त्याला काय सांगणार? मी पाहिलं नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी आईने पुन्हा तोच प्रश्न विचारला. "येईल" म्हणून तिचं भागत नाही. दिवस सांग म्हणते.

तुझ्या आईला सोडून ये असं म्हणत नाही. पण कधी निघतेस ते कळव, म्हणजे तिला नीट सांगता येईल. मी तू आल्यावरही आठ दिवस राहणार आहे.

तुझी,
वन्सं